घड्याळात तीन हजार आठशे चौदा मैल

पोलीस ठाणे चिखली, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड. तारीख ११ मार्च १९३८, दुपारी एक वाजता.

नाव इंद्रभान वल्द रंगराव वानखडे, वय वर्षे ५७, धंदा मोटार मिस्त्री, राहणार खामगाव.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी चोवीस वर्षांपासून मोटारीचे काम करतो. जिल्ह्यात कोणाला जुनी मोटार घ्यायची झाली की आधी मला नेऊन दाखवतात. मी हो म्हटले तर सौदा होतो, नाही म्हटले तर मोडतो. आजवर माझी पारख चुकली नव्हती. जबाब लिहून घेणारे मुन्शीजी म्हणाले हे लिहायची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

फिर्यादी शेषराव वल्द भगवानराव इंगळे, राहणार वरवट बकाल, हा भाजीपाला पिकवतो. शेगाव स्टेशनावरून भाड्याच्या फेऱ्या मारायला त्याला मोटार पाहिजे होती. त्यासाठी त्याने दोन्ही बैलजोड्या विकल्या. चिखलीच्या सत्यभामाबाई, बेवा नारायणराव देशमुख वकील, यांची मोटार विकाऊ असल्याचे कळल्यावरून २० फेब्रुवारीस तो मला इथे घेऊन आला.

बारा वर्षांची उघडी अमेरिकन मोटार होती. वकीलसाहेब वारून सहा वर्षे झाली. मैलाच्या घड्याळात ३,८१४ मैल होते. शेषराव म्हणाला, "बारा सालाची गाडी अन् चारच हजार मैल? मिस्त्री, हे घड्याळ फिरवलं असन."

मी घड्याळावर कधी जात नाही. ते कोणीही पाव तासात मागे फिरवतो. चालवणारा जिथे जिथे हातपाय लावतो तिथे पाहायचे, ही माझी रीत. पेडलाचे दाते शाबूत होते. ड्रायव्हरच्या गादीचे स्प्रिंग बसले नव्हते. स्टिअरिंगवर अंगठ्याची झीज नव्हती. फार चाललेल्या गाडीचा दरवाजा लटकतो, उचलून लावावा लागतो. हा एका बोटाने लागत होता. पुढचे चाक उचलून हलवले, ढिले नव्हते. मी शेषरावला म्हणालो, "घड्याळ खरं आहे. बिनघोर घे."

इंजिन सुरू करायचे हँडल घालतात ते भोक मात्र घासून लांबट झालेले दिसले होते. दिसले आणि सोडून दिले. इंजिनाखालचा पत्रा उतरवून आत हात घालून पाहायचा, हेही मी एरवी करतो. त्या दिवशी पाठ धरली होती, आणि 'घे' असे बोलूनही झाले होते. इंजिन पाच मिनिटे चालवून ऐकले. मला डाव्या कानाने कमी ऐकू येते. गिऱ्हाइकांना हे माहीत नाही. आता होऊ द्या माहीत.

२३ तारखेस शेषराव मोटार घेऊन निघाला. उंद्रीच्या पुढे चार मैलांवर इंजिनाची दांडी तुटली आणि इंजिन फोडून बाहेर आली. निरोप आल्यावरून मी गेलो व उघडून पाहिले. बेअरिंग झिजून पार गेले होते. हवा ओढायच्या नळीत पीठ चिकटून वाळले होते. ते पाहिल्यावर मी रस्त्याच्या कडेला बसलो. शेषराव विचारत होता, "काय झालं, काऊन बसले?"

मोटार उभी करून मागचे एक चाक उचलायचे, टायर काढून त्यावर पट्टा चढवायचा आणि पिठाची चक्की चालवायची, असे मी दोन-चार गावी पाहिले आहे. या गाडीत घड्याळाची तार पुढच्या चाकाला आहे. पुढचे चाक जमिनीवर उभे, मग घड्याळ फिरेल कशाला? वकीलसाहेबांमागे बाईंनी परसात चार वर्षे लोकांचे दळण दळून दिले. पेठेत नवी चक्की आली तेव्हा ते बंद पडले. गल्लीला माहीत आहे, पण देशमुखाघरची बाई म्हणून तोंडावर कोणी काढत नाही. गाडी तीन हजार आठशे मैलच चालली. इंजिन किती चालले ते देवाला माहीत.

शेषरावची फिर्याद अशी की, बाईंनी घड्याळ फिरवले व चक्कीची गोष्ट दडवून त्याला फसवले. आज सकाळी ठाण्याबाहेर निंबाखाली तो मला म्हणाला, "मिस्त्री, घड्याळ फिरवलं होतं एवढंच म्हना. तुमचंही नाव राह्यते, अन् माहे बैल परत येतात." मी म्हणालो, "म्या तार पाह्यली बापा. घड्याळाले कोनी हात लावला नाही." तो म्हणाला, "मंग माहे बैल कोन देते?"

येथवरचा जबाब मला वाचून दाखवला. जे लिहिले ते बरोबर आहे, पण पुरे नाही. सहीसाठी टाक हातात दिला तो मी खाली ठेवला व पाणी मागितले. पुढचे लिहून घ्यावे.

चक्कीचे का सांगितले नाही, असे ठाणेदारसाहेबांनी बाईंना सकाळी विचारले. बाईंचा दीर शेजारी उभा होता. त्या एवढेच बोलल्या, "मिस्त्रीले इचारा." तेव्हापासून त्या बाहेर बाकावर बसून आहेत.

२० फेब्रुवारीस मी गाडी पाहत असता शेषराव पान खायला पेठेत गेला होता. बाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दाराकडे पाहिले आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "मिस्त्री, हे मी कोनाले सांगत नाही. चार साल हे इंजिन चक्कीवर चाललं. हँडल मीच मारत होती. आता त्याचा आवाज बदलला आहे. खालून उघडून पाहा, अन् काय असन ते त्या मानसाले सांगून द्या. मंग घ्या म्हना, नाही तं नका घेऊ." मी हसलो. म्हणालो, "बाई, दळनाचं तुमी पाहा, मोटारीचं मले समजते." त्या कप घेऊन आत गेल्या.

शेषराव परत आला तेव्हा मी त्याला यातले काही सांगितले नाही. विसरलो म्हणावे तर तसेही नाही. बाईमाणूस इंजिनाचे काय सांगणार, म्हणून मी ते मनावरच घेतले नाही. लय शहाना झालो होतो मी. चार वर्षे रोज तो आवाज ऐकणारी बाई सांगत होती आणि मी एका कानाने पाच मिनिटे ऐकून तिला हसलो.

शेषरावला बैल देण्याची माझी ऐपत नाही. दुसरे इंजिन मिळाल्यास मी फुकट बसवून देईन, हात चालतात तोवर.

मागून लिहिलेलेही मुन्शीजींनी मला वाचून दाखवले. आता माझ्याजवळ काही राहिले नाही. सही करतो. बाईंना घरी जाऊ द्यावे.

सही: इंद्रभान रंगराव वानखडे