इंजिनातल्या अक्षता

आमच्या गोव्यातल्या मये गावच्या भाऊकाकांची जुनी गाडी आठवते ना? इंजिन इतकं खडखडायचं, की तो आवाज ऐकूनच काकू चहा ठेवायच्या. शेवटी मी ती डिचोलीत एका कोल्हापूरच्या मेस्त्रीकडे नेली. काका सोबत होतेच.

"काका, तेल वर चढंना झालंय. व्हॉल्व्ह कोरडे पडल्यात," मेस्त्री म्हणाला आणि त्यानं खालचं तेलाचं भांडं उतरवलं. तेल खेचणारी जाळी तांदळांनी भरलेली.

"हे कुठनं आलं?" त्यानं विचारलं.

"दर दसऱ्याक तेलाचा झाकण उघडून अक्षता घालतंय," काका शांतपणे म्हणाले. "हार बॉनेटाक, पण गाडी वडता तो देव आत आसा मरे."

मी कपाळाला हात लावला. मेस्त्रीनं मात्र जाळी बाजूला ठेवून इंजिनाला हात जोडले. "तेलाबिगर इतकी वर्षं चालली. पावलाय की देव."