दोघांचा बंद पडलेला कार्यक्रम

टीव्हीनं पोरं बिघडतात म्हणता ना काकू, मग माझ्या सईचं ऐका.

तीन वर्षांची झाली तरी ती ‘आई’, ‘पाणी’ याच्यापुढे जात नव्हती. इथं परदेशातल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, वाट बघा. मला वाटायचं, मी सातवी शिकलेली, मला इथलं इंग्रजी येत नाही, म्हणूनच पोरगी मुकी राहणार.

तिला एकच कार्यक्रम आवडायचा. एक लंबू आणि एक बुटका, दोघं ब्रिटिश, छोटी छोटी सोंगं करायचे. काय बोलतात ते आम्हा दोघींनाही कळत नसे. पण लंबू ऐटीत बसायला गेला की बुटका खुर्ची ओढायचा आणि आम्ही हसत सुटायचो.

सहा भाग झाले आणि संपलं. मी ह्यांना म्हटलं, “पुढचे लावा की.”

“नाहीत पुढचे. लोकांना आवडला नाही म्हणून बंद केला.”

“आम्हाला कुठं विचारलं?”

सईनं भोकाड पसरलं. मग मीच लंबू झाले आणि ह्यांना बुटका केलं. मी ऐटीत बसायला गेले, ह्यांनी खुर्ची ओढली, मी धपकन खाली.

सई हसलीच नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “आई, इतक्या लवकर पडायचं नाही. आधी बाबाकडे बघायचं.”

मी खालीच बसून राहिले. डोळे भरून आले.

हे घाबरले. “फार लागलं का गं?”

म्हटलं, “तुम्ही गप्प बसा हो. तिला बोलू द्या.”