मावा कुणाच्या घरून येतो

उत्तमराव : राख न्हाई म्हणता वहिनी, अन् मंग अंगणात ह्यो ढीग कशाचा?

द्वारकाबाई : राखंचाच हाय. सालभर चुलीतली साठवली. तुमाला द्यायची न्हाई, म्हून साठवली.

उत्तमराव : सख्खा दीर हाय मी. दस्तगीरची गाडी घेऊन आलो. आभाळ हटंना, दमट वारं सुटलंय. गव्हाच्या पानापानावर मावा बसलाय, बोट लावलं की चिकटतंय. लोंब्या काळ्या पडून राहिल्या. सकाळच्या दवात राख धुरळली तरच काही हाती लागंल.

दस्तगीर : गावची रीत हाय, काकू. ज्याच्या रानात मावा पडला, त्याला घराघरातून पाटीभर राख.

द्वारकाबाई : मागल्या पौषात माझ्या गव्हावर पडला, तवा कुठं गेली होती रीत? इचार ह्या भाऊजींना.

उत्तमराव : जुनं उकरू नका.

द्वारकाबाई : वेशीत उभं राहून बोलले, "मावा ह्या बाईच्या घरातच हाय. आधी नवरा खाल्ला, आता पीक. हिला राख देईल त्याच्या रानात मावा जाईल." कुणी मूठभर दिली न्हाई. गहू गेला ते गेला. माझ्या लेकीची, जमनाची सुपारी फुटली होती. हट्टा गावच्या लोकांनी ते बोलणं ऐकलं अन् सोयरीक मोडली. तवापासून आभाळाकडं बघून राहिले, भाऊजी. तुमच्या रानावर कवा येतंय म्हून. आता लई बरं वाटतंय.

उत्तमराव : पाया पडतो, वहिनी.

द्वारकाबाई : वेशीत चला. खोटं बोललो म्हणा. मंग ढीगच्या ढीग न्या.

उत्तमराव : चार लोकांत मान घालवू?

द्वारकाबाई : मंग मावा सांभाळा.

(ढग फाटतात. अंगणात ऊन पडतं.)

दस्तगीर : उत्तमराव, वारं फिरलं. कोरडं लागून राहिलं.

उत्तमराव : अन् ऊन बघ कसं कडक! असं तापलं की मावा आपोआप झडतो. ठेवा तुमची राख, वहिनी. दस्तगीर, गाडी वळव.

द्वारकाबाई : माझ्या घरातला मावा उन्हानं कसा जाईल?

उत्तमराव : घरातला कुठला आलाय? मावा आभाळानं येतो अन् उन्हानं जातो, शेंबड्या पोराला कळतं. मला काय मागल्या साली ठाऊक नव्हतं? तुमी कंटाळून माहेरी गेला असता, तर महसुलाच्या गिरदावराला सांगून रान माझ्या नावावर केलं असतं. एवढंच.

दस्तगीर : त्या बोलण्याला भिऊन आमच्या घरवालीनं, अजरानं चुलीतली राख लपवली होती.

उत्तमराव : तू गाडी वळव.

दस्तगीर : वळवतो. तुमी चालत जा. काकू, वेशीत सांगू का हे?

द्वारकाबाई : वेशीत मी सांगन, माझ्या तोंडानं. तू हट्ट्याला जा. सोयरीक मोडली त्या पोराचं लगीन अजून झालं न्हाई म्हणतात.