चिवड्याच्या पुडीतलं कूपन

अगं बायांनो, हसू नका, माझ्या चिवड्याचं काय झालं ते ऐका! माझा शेखर इथे कोलकात्यात, न्यू टाउनला वेफर्स आणि कोल्ड्रिंकच्या कंपनीत आहे. बाटलीबरोबर कूपन, खरवडलं की बक्षीस, असल्या योजना तो काढतो. यंदा इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत त्यांचा स्टॉल लागला, अगदी माझ्या टेबलाशेजारी. कोलकात्यात आल्यापासून दरवर्षी माझ्या चिवड्याला रांग लागते. यंदा सगळे कूपनांच्या मागे; दुपारपर्यंत माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

शेखर म्हणाला, "आई, तुझ्या पुड्यांत आमची कूपनं टाकू?"

"माझ्या चिवड्याला लाच लागत नाही!"

"मग भरला डबा घरी नेऊ?"

ते काही मला सोसवेना. टाक म्हटलं.

तासाभरात डबा रिकामा! जोशीवहिनींनी तर चार पुड्या नेल्या. मी ऐटीत हात धुवायला मागे गेले. तिथलं कचऱ्याचं पिंप माझ्याच फोडलेल्या पुड्यांनी भरलेलं. कूपन तेवढं काढून घेतलेलं, चिवडा तसाच.

शेखरला दंडाला धरून तिथे नेलं. "बघ!"

त्याने वाकून बघितलं आणि माझी समजूत घालत म्हणाला, "आई, खाल्लं की फेकलं, खपात हे धरत नाहीत गं."