धडधाकट माणसाची परीक्षा

...आता तुम्हीच सांगा, माणूस आधी बिमार पडतो आणि मग दवाखान्यात जातो, अशीच रीत आहे का नाही? मला मात्र बोलावून घेतलं, पलंगावर पाडलं, सुई टोचली आणि वर म्हणतात, "हं, आता बघू बिमार पडता का." धडधाकट माणूस मी. लातुरात क्लासच्या पोरींची मेस चालवतो, गव्हाचं पोतं एकट्यानं उचलतो...

सुरुवात केली आमच्या शिवकन्याआक्कानं. नांदेडला भर बाजारात चक्कर येऊन पडली, तिथल्या डॉक्टरनं काळजाच्या ठोक्यांचा आजार काढला आणि विचारलं, "हा घराण्यातून येतो. घरात कुणी तरणंताठं अचानक गेलंय का?" आक्कानं लगेच ईश्वरप्पादादाचं नाव सांगितलं. अहो, दादा भूकंपानं गेला, आमच्या सगळ्या मुरुड गावाला माहीत आहे. भूकंपानंतर आम्ही सगळे अंगणातच झोपायचो, एका सकाळी दादा उठलाच नाही. अंगावर खडासुद्धा पडला नव्हता, ते खरं... पण त्या साली आमच्याकडं जो गेला तो भूकंपानंच गेला, धसक्यानं म्हणा नाहीतर कशानं. आणि तीस वर्षांनी हा डॉक्टर आमच्या दादाचा भूकंपच काढून घेतो.

वर म्हणाला, सख्ख्या भावालाही तपासायला पाठवा. मी जाणारच नव्हतो. पण तेच डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "तुमच्यात काही निघालं नाही, तर तुमची शिल्पा सुटली. निघालं तर तिलाही तपासावं लागेल." एकुलती एक पोरगी हो... गेलो.

पण लातूरचा माणूस परीक्षेला कोराच जातो का? चहा सोडला, पहाटे उठून प्राणायाम सुरू केला, आणि दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये छातीची पट्टी, ती ईसीजी, काढून घ्यायला लागलो, मॉक टेस्ट म्हणून. प्रत्येक पट्टी स्वच्छ. बायको कमलम्मा म्हणाली, "काय करून राहिलात ओ? मेसच्या पोरी हसून राहिल्यात." म्हटलं, हसू दे, पास झाल्यावर बघू.

डॉक्टरांपुढं पट्ट्यांची चवड ठेवली, तर म्हणतात, "काका, हा आजार लपून बसतो. हे औषध त्याला डिवचायलाच देतात." म्हणजे पेपर काढलाय तो मुद्दाम नापास करायला. असं असतं का कुठं? आणि उशाशी शॉकची मशीन. ही कशाला, विचारलं. "लागली तर असावी." धडधाकट माणूस मी, आणि लागली तर?

औषध शिरलं, तोंडात पितळ चाटल्यासारखी चव. मी डोळे मिटून हळूहळू श्वास घेतोय, मनात एकच, सुटली पोरगी, सुटली... तेवढ्यात डॉक्टर सिस्टरला म्हणतात, "थांबवा. आलं." दुखलं नाही, खुपलं नाही, मला कळलंसुद्धा नाही, आणि मी बिमार.

"बरं झालं कळलं, काका. ताप आला की लगेच या, सांगतो ती औषधं टाळा, पुष्कळ जगाल. आता पुढच्या सोमवारी शिल्पाला आणा."

ती बाहेर बाकावरच बसली होती. सांगितलं. म्हणते, "त्यात काय बाबा, देऊ की टेस्ट." रोज टेस्ट देऊन देऊन पोरांची भीतीच गेलीय, तिची सगळी भीती आता माझ्याकडं. मी परत आत गेलो, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "साहेब, तिच्या जागी मीच पडलो तर?" पोरांच्या जागी डमी बसवणाऱ्या आईबापांना जन्मभर शिव्या घातलेला माणूस मी... पण विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "काका, तुम्ही बसलात तर पोरगी नक्की नापास."

तेही खरंच म्हणा. डमी बसायचं तर आधी स्वतः पास असावं लागतं.