आई स्वतंत्र राहते

...आणि लोक खुशाल म्हणतात, यानं आईला वेगळं काढलं. वेगळं काढलं? अहो, तुम्हाला सांगतो, आई होती त्याच खोलीत आहे, त्याच पलंगावर, माझ्या उशीपासून तिची उशी दीड हातावर, मध्ये फक्त एक भिंत, आणि ती भिंतसुद्धा मी बांधलेली नाही, घराबरोबर आलेली आहे. मी काय केलं, तर मधलं दार बंद केलं आणि तिच्या खोलीत एक शेगडी ठेवली. बस. नियमच तसा आहे, त्याला मी काय करू?

झालं असं, की आई न्हाणीघरात पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, उठून बसली, पण आंघोळीला माणूस लागतो, चार पावलं टाकायला कुणाचा तरी हात लागतो. मी चष्म्याच्या दुकानात, दिवसभर 'हं, आता खालची ओळ वाचा' म्हणत उभा. बायको इस्पितळात नर्स, म्हणजे ती दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते आणि घरी येते तेव्हा हिलाच कुणीतरी उचलून न्यावं अशी अवस्था. अशात कळलं, सरकारची योजना आहे. म्हाताऱ्या माणसांकडे रोज दोन तास एक सोबतीण येते. आंघोळ घालते, चालवते, गप्पासुद्धा मारते. गप्पा, सरकारी!

गेलो कचेरीत. कारकून म्हणाला, "आई एकट्या राहतात का?"

म्हटलं, "छे, माझ्याकडे असते."

"मग नाही बसत."

"म्हणजे मी सांभाळली तर मदत नाही, आणि टाकून दिली तर मदत?"

त्यानं नाकावरचा चष्मा वर ढकलला, दांडी ढिली झाली होती त्याची, मला राहवेना, पण ते जाऊ द्या. म्हणाला, "टाका असं कोण म्हणतंय? चूल वेगळी करा. एक चूल म्हणजे एक कुटुंब. दोन चुली, दोन कुटुंबं."

आता बघा, छत्तीस गुण जुळवून, भांडून, रुसून माणसं कुटुंब करतात, आणि हे शेगडीवर मोजतात. नियमच तसा आहे, त्याला मी काय करू?

बायको म्हणाली, "अहो, आधी आईंना विचारा." विचारलं. आई एवढंच म्हणाली, "शेगडी कुठे ठेवणार?" मला वाटलं, किती समजूतदार बाई.

मग तपासणीला मॅडम आल्या. मी आईला पढवून ठेवलं होतं, "आई, फार बोलू नकोस, नुसतं एकटी असते म्हण." आणि मी मधल्या दाराच्या अलीकडे, स्वतःच्या घरात चोरासारखा, श्वास धरून, कान लावून उभा. शिंक येत होती ती दाबली, डोळ्यांतून पाणी आलं.

मॅडम म्हणाल्या, "आजी, दिवसभरात कुणाशी बोलता?"

"रेडिओशी. तो ऐकत नाही माझं, पण मी बोलताना उठूनही जात नाही."

मी मनात म्हटलं, वा, काय काम करतेय! अहो, एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती ती. 'थांबा, जोडते' म्हणत गावभरच्या लोकांना एकमेकांशी बोलायला लावलं. बोलण्यात कोण हरवणार तिला?

"मुलगा येतो का?"

"येतो ना. दारात उभा राहतो, विचारतो, गोळी घेतलीस? मी हो म्हणते. मग जातो."

"घेतलेली असते?"

"कधी असते, कधी नसते. पण नाही म्हटलं तर त्याला थांबावं लागतं, आणि त्याला उशीर होत असतो."

इथे माझी शिंक गेली ती गेलीच.

"शेवटचं कुणाबरोबर बसून जेवलात, आठवतं?"

"पडले ना, त्याच्या आदल्या रविवारी. सून होती. त्याचं ताट वाढलं होतं, पण त्याला फोन आला."

मी दाराच्या अलीकडे बोटांवर महिने मोजले. सात. एका घरात, एका चुलीवरचं जेवण, सात महिने. मला वाटत होतं आईला खोटं बोलायला शिकवायला लागेल, आणि बाईनं एक अक्षर खोटं सांगितलं नाही हो.

मॅडम म्हणाल्या, "पूर्णपणे एकाकी, असं लिहिते. मंजूर होईल." मंजूर! आठ दिवसांत! सरकारी काम आठ दिवसांत होतं कधी, तर पुरावा इतका भक्कम असतो तेव्हा.

त्या गेल्यावर मी दार उघडलं. आईनं विचारलं, "नीट सांगितलं ना रे?" तुम्हीच सांगा, काय बोलायचं? पाया पडायचं, मिठी मारायची, काहीतरी. माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे? "गोळी घेतलीस?"

आता सोबतीण येते. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येतं. आई इतकी हसते हे मला माहीतच नव्हतं. मागच्या रविवारी फोन बंद केला, दोन ताटं वाढली आणि गेलो तिच्या खोलीत. म्हटलं, "आई, आपण जेवू." आई ताटांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नको रे बाळा. कुणी बघितलं, एक चूल लिहिली, तर तिचं येणं बंद होईल. मग मी बोलू कुणाशी?" आणि वर माझीच समजूत घातली, "नियमच तसा आहे, त्याला तू काय करणार?"

दोन्ही ताटं परत घेऊन आलो.

शनिवारी सोबतिणीच्या वहीवर साक्षीदाराची सही लागते. घरचं माणूस चालत नाही. ती म्हणते, "दादा, तुम्ही शेजारचेच ना? करा." करतो. नात्याच्या रकान्यात लिहितो, शेजारी. त्याच्या पुढे विचारलेलं असतं, किती वर्षांपासून ओळखता?

तिथे मी माझं वय लिहितो.