खिळ्यावरची रबरं

नगरच्या कॅन्सर हॉस्पिटलात वडिलांचा नंबर लागेपर्यंत प्रणिताला नुसतं बसून राहायचं होतं. तिच्याच बाकावर, आत गेलेल्या आजींची वाट पाहत बसलेल्या भिंगारच्या आजोबांनी पलीकडच्या बेलापूरच्या बाईंना एकदम विचारलं,

"बाई, कचऱ्याच्या डब्यातली पिशवी तुमच्याकडे जागेवर राहते का हो?"

"का वं?"

"हिच्या खाटेपाशी डबा ठेवतो. केमोनंतर उलट्या होतात. नेमकी तेव्हाच पिशवी सरकून तळाला जाते, सगळा डबा घाण होतो. मग ही रडते, तुम्हाला फार त्रास देते म्हणून."

"काठावरनं खाली दुमडायची."

"दुमडली. सरकतेच."

"मंग गाठ मारायची."

"गाठीपाशी फाटते."

"आवो, केसाची रबरं घ्या. एकात एक गुतवायची, अन् काठावरनं ताणून बसवायची. लई घट्ट बसतं. काकूंची असत्याल की घरात."

"आहेत. आरशाच्या खिळ्यावर सगळी लटकलीत."

"मंग झालं तर."

"डब्याला कशी लावू, बाई? केस परत येतील, असं मीच तिला रोज सांगतो."

तेवढ्यात आतून नर्सचा हात धरून आजी आल्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला.

"कसलं बोलत होता?"

"काही नाही. डब्यातल्या पिशवीचं."

"अहो, मग माझी रबरं आहेत की. ती लावा."

"बरं."

"सगळी नका घेऊ पण. लाल तेवढं खिळ्यावर राहू द्या."